दीपनगर ते साक्री : ऊर्जासुरक्षेच्या एका गृहीतकाची समीक्षा

सूर्यप्रकाश आयात करावा लागत नाही, म्हणून सौरऊर्जा म्हणजे स्वावलंबन, हे गृहीतक ऊर्जाविषयक लेखनात सर्रास आढळते. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प आहे. ऊन खानदेशचेच, यात शंका नाही. परंतु आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार सौर पॅनेलनिर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता. तथापि, यावरून 'एक परावलंबन गेले, दुसरे आले' असा निष्कर्ष काढणेही उथळ ठरते. जळगाव जिल्ह्यातील दीपनगरच्या औष्णिक केंद्राला कोळसा अखंड लागतो; पुरवठा तुटल्यास साठा संपताच संच बंद पडतात. पॅनेलची आयात थांबली तरी बसविलेली पॅनेल सुमारे २५ वर्षे वीज देतात. अडते ती नवी उभारणी. तिची सुरक्षितता साठ्याच्या दिवसांत नव्हे, तर देशातील वेफर व सेल निर्मितीक्षमतेत मोजावी लागेल.