पाठ, प्रक्षेप आणि ३२ किलोबाइटचे विश्व

जुन्या घरगुती संगणकांविषयी हल्ली जे लिहिले जाते, त्यात एक कौतुक हटकून आढळते : इतक्या थोड्या जागेत केवढे बसवले! मला हे कौतुक एखाद्या काटकसरी संसाराच्या कौतुकासारखे वाटते. थोडक्यात भागवणे हा संसारातला गुण खरा; परंतु शार्दूलविक्रीडितात लिहिली एवढ्याने कुणाची कविता चांगली ठरत नाही. बंधन पाळले की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. बंधनाने कृतीला घाट दिला काय, एवढेच समीक्षकाने पाहावे.

या दृष्टीने 'एलिट' हा खेळ तपासण्याजोगा आहे. केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या यंत्रासाठी तो लिहिला आणि सप्टेंबर १९८४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. (त्याच सुमारास 'क्लास' योजनेतून हे यंत्र आपल्या देशातल्या निवडक शाळांतही आले होते, तेव्हा ते आपल्याला अगदीच परके नव्हे.) यंत्राची स्मृती ३२ किलोबाइट. आजच्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. त्या हिशेबाने तेथे जेमतेम अकरा हजार चिन्हे मावतील, म्हणजे माझ्या कादंबरीचे एखादे प्रकरण. त्यातूनही पडद्यावरचे चित्रच जवळजवळ आठ किलोबाइट खाऊन टाकते. आणि प्रोसेसर असा, की त्याला गुणाकार येत नाही. दुसरीतल्या मुलासारखा तो बेरजा करीत करीत तेथवर पोचतो. अशा यंत्रावर खेळणारा माणूस व्यापारी होऊन अवकाशात हिंडतो, माल घेतो, विकतो, चाच्यांशी झुंजतो. त्याच्यापुढे आठ आकाशगंगा आणि २,०४८ ग्रहमाला पसरलेल्या असतात.

या ग्रहमाला कोठेही साठवून ठेवलेल्या नाहीत. तीन संख्यांचे, सहा बाइटांचे एक बीज असते. त्या संख्यांची ठरावीक रीतीने बेरीज करीत गेले, की पुढची ग्रहमाला उभी राहते. राज्यपद्धती, लोकसंख्या, अर्थव्यवस्था आणि नावदेखील त्याच संख्यांतून निघते. नावे दोन-दोन इंग्रजी अक्षरांच्या जोड्यांतून जुळतात : लावे, डिसो, रीडक्वाट. लेखकांना याहून कितीतरी पटींनी अधिक आकाशगंगा देता आल्या असत्या. पण प्रकाशक ॲकॉर्नसॉफ्टने त्यांना आठांवर थांबवले. प्रकाशकांना नावे ठेवणाऱ्या आम्हा लेखकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अगणित ग्रह दिले असते, तर त्यांमागचे गणित उघडे पडले असते.

तसे ते आताही पडतेच. डिस्कवरच्या आवृत्तीत प्रत्येक ग्रहाचे वर्णन येते. वाक्यांचा साचा ठरलेला, मोकळ्या जागांत शब्द तेवढे बदलतात. प्रथम गंमत वाटते. पण दहा-पंधरा ग्रह वाचून झाले, की पुढच्याचे वर्णन आपणच सांगू शकतो. कादंबरीकार म्हणून माझी तक्रार येथे आहे : लोकसंख्येचा आकडा आहे, पण एकही माणूस नाही. खेळाच्या पेटीत रॉबर्ट होल्डस्टॉक यांची 'द डार्क व्हील' ही लघुकादंबरी घालावी लागली, यातच सारे आले.

मग 'एलिट'चे कलामूल्य कोठे आहे? माझ्या मते ते ग्रहांच्या संख्येत नसून पडद्याच्या मांडणीत आहे. वरचा भाग बारीक रेषांचा, काळ्यावर पांढरा. खालचा भाग रंगीत, पण ठिपके जाड. या यंत्राला एका वेळी एकच चित्रपद्धती ठाऊक. म्हणून चित्र वरून खाली उमटत असताना मध्यावर एक घड्याळ हाक मारते आणि पद्धत बदलली जाते. हे सेकंदाला पन्नास वेळा चालते. वर अथांग काळोख आणि खाली यंत्रे, असा तो वैमानिक बसलेला असतो. अडचणीतून सुटण्यासाठी केलेली युक्ती येथे एकाकीपणाच्या अनुभवाशी एकजीव झाली आहे. घाट म्हणतात तो हाच.

आता प्रक्षेपाचा प्रश्न. बेल यांनी मूळ लिखाण पुढे सर्वांना खुले केले. अलीकडे एका जाणकाराने त्यावर ओळीओळीने भाष्य लिहिले. टीका हा शब्द आपण जुन्या अर्थाने वापरला, तर ही टीकाच होय. तिच्यासोबत दिलेल्या पाठातून पुन्हा बांधलेला प्रोग्राम मूळ प्रकाशित प्रोग्रामशी बाइटन् बाइट जुळतो. पाठशुद्धीची अशी कसोटी आपल्या संतवाङ्मयाच्या संपादकांना कधी लाभली नाही.

पण हौशी मंडळी एवढ्यावर थांबत नाहीत. मूळ खेळात जहाजाची आकृती पुसून पुन्हा काढली जाई, त्यामुळे रेषा लुकलुकत. नंतरच्या एका आवृत्तीतली न लुकलुकण्याची युक्ती आता १९८४च्या पाठात मागे नेऊन बसवण्यात आली आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तीत ओवी घालणाऱ्याला तंबी दिली. त्यानंतर बरोबर चारशे वर्षांनी लिहिलेल्या या पाठालाही ती लागू करावी काय?

सरसकट नाही, असे मला वाटते. जुन्या यंत्रासाठी आज नवे लिहिणारा माणूस पुराणवस्तूंचा रखवालदार नसतो. तो त्या यंत्राच्या भाषेत लिहिणारा लेखक असतो, आणि भाषेत लिहिणारे उरले नाहीत तर नुसते वाचणारेही फार काळ उरत नाहीत. सुधारलेली प्रत मूळ प्रतीपासून वेगळी ठेवली, काय बदलले ते सांगितले, की तो प्रक्षेप राहत नाही, आवृत्ती होते. वरील जाणकाराने ही शिस्त पाळली आहे. माझी नापसंती आहे ती निनावी फिरणाऱ्या प्रतींबद्दल. त्यांत कोणी जहाज अजिंक्य केलेले असते, कोणी तिजोरी भरून ठेवलेली असते, आणि नाव मात्र नुसते 'एलिट'. पोथी उतरवणारा शेवटी आपले नाव आणि शक लिहीत असे. तेवढे यांनीही लिहावे.

लुकलुकणाऱ्या आणि स्थिर, अशा दोन्ही प्रती मी खेळून पाहिल्या. स्थिर प्रत डोळ्यांना सुखाची आहे. पण चार-पाच चाचे एकदम चालून आले, की जुन्या प्रतीत रेषा थरथरू लागतात, यंत्राला धाप लागल्याचे दिसते, आणि माझा हात कळफलकावर अधिक घट्ट बसतो. शिकवताना मी तीच प्रत दाखवीन.