आरसा आणि फणी

केस विंचरायला कोणी आगगाडीत बसून परगावी जाईल का? पूर्वी मला कोणी असे विचारले असते तर मी हसून नाही म्हटले असते. चिमामांडा न्गोझी अदिची ह्या नायजेरियन लेखिकेच्या 'अमेरिकाना' (२०१३) ह्या कादंबरीची नायिका इफेमेलू मात्र पहिल्याच प्रकरणात ह्याच कामासाठी घराबाहेर पडते. ती राहते प्रिन्स्टनला. गाव देखणे, विद्यापीठ जगविख्यात. पण तिच्या केसांच्या वेण्या घालून देणारे माणूस काही त्या गावात नाही, कारण तसल्या केसांची माणसेच तिथे बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून ती गाडी धरून ट्रेंटनला जाते आणि तिथल्या एका लहानशा दुकानात, सेनेगलहून आलेल्या आयशा नावाच्या बाईच्या हाती डोके देऊन तासन् तास बसते.

ही सुरुवात मला फार आवडली. पुढे कादंबरीत लेगॉसमधले बालपण येते, पहिले प्रेम येते, अमेरिकेतले ओढगस्तीचे दिवस येतात. पण कथा पुन्हा पुन्हा त्या खुर्चीकडे वळते. आपल्याकडे नाही का, आई वेणी घालायला बसली की मुलीच्या मानेला हिसडे बसत असतात आणि तोंडाने साऱ्या गावच्या गोष्टी चालू असतात! अदिचीबाईंनी कादंबरीचा घाट तिथूनच उचलला आहे.

ह्या कादंबरीचे मराठी भाषांतर करायला कोणी बसले तर पहिली ठेच 'नॅचरल हेअर' ह्या शब्दांना लागेल. 'नैसर्गिक केस' म्हटले तर वाचक विचारील, मग अनैसर्गिक केस कसले? डोक्यावर जसा उगवला तसा केस राहू देण्यासाठी विशेषण लागावे, ह्यात अमेरिकेतल्या काळ्या स्त्रीची निम्मी कहाणी आली. दुसरी ठेच 'कुरळे' ह्या शब्दाची. आपल्या भाषेत कुरळ्या केसांना मान आहे, पण तो कपाळावर रुळणाऱ्या बटेचा. इफेमेलूचा केस मुळापासूनच घट्ट स्प्रिंगसारखा वळत येतो, कारण तो ज्या कूपिकेतून निघतो तीच वाकडी असते. टाळूवरचे तेल त्या वळणावळणांतून टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून तो कोरडा राहतो आणि त्यात बारीक दात्यांची फणी घातली की तुटतो. त्याला आधी पाणी लावावे, मग तेल किंवा मलम, मग रुंद दात्यांचा कंगवा घ्यावा आणि गुंता टोकाकडून मुळाकडे सोडवीत यावे. एवढे केले की त्या केसाचे काय काय होते! डोक्याला चिकटून जाणाऱ्या, आपल्या सागरवेणीच्या चुलत बहिणी शोभतील अशा वेण्यांच्या रांगा. दोन पेडांचे पीळ. लहान लहान अंबाड्यांसारख्या गाठी. नाही तर सगळा मोकळा सोडून देवाच्या मूर्तीमागच्या प्रभावळीसारखा वाटोळा. मराठीत अशा केसाला शब्द नाही असे मात्र नव्हे. 'झिपऱ्या' आहे, 'टोपले' आहे. म्हणजे शिव्या आहेत.

इफेमेलूच्या नात्यातली उजू ही शिकलीसवरलेली डॉक्टर. वेण्या ठेवून मुलाखतीला गेले तर हे लोक मला कामाची समजणार नाहीत, असे म्हणून ती वेण्या सोडते आणि केस सरळ करून घेते. इफेमेलूला तेव्हा नवल वाटते. पुढे नोकरीसाठी बाल्टिमोरला मुलाखतीला जायची वेळ येते तेव्हा तीही तेच करते. केस सरळ करण्याच्या त्या औषधाला नाव आहे 'रिलॅक्सर', म्हणजे जणू आराम देणारे! त्याच्या मूळ प्रकारात कॉस्टिक सोडा असतो, साबण करतात तोच. तो केसाच्या आतले बंध तोडतो तेव्हा केस सरळ होतो. आणि कातडी मध्ये आली तर तिलाही तो सोडीत नाही. अदिचीबाई रसायनशास्त्र सांगत बसत नाहीत. त्यांनी टाळूची आग दाखवली आहे, धरलेल्या खपल्या दाखवल्या आहेत आणि लगेच पुढे मिळालेली नोकरी दाखवली आहे. ह्या तीन गोष्टी शेजारी ठेवून त्या गप्प बसतात. पुढे केस गळू लागतात, मैत्रीण ते पार आखूड कापते, आणि नायिका आरशात पाहून इतकी खट्टू होते की कामावर जायचेच टाळते. मग दूरदूरच्या तिच्यासारख्याच बायकांकडून ती शिकते: हे तेल लाव, तो पीळ घालून पाहा, रात्री असे बांधून ठेव. एका अगदी सामान्य दिवशी तिला आपले केस आवडू लागतात. त्या प्रसंगाला लेखिकेने ढोल-ताशे लावलेले नाहीत, हे विशेष. हा सारा कादंबरीतला कल्पनाविलास आहे असे कोणाला वाटेल, म्हणून सांगते: केसांचा जन्मजात पोत किंवा वेण्या ह्यांवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करू नये, असा कायदा अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने प्रथम केला तो २०१९ साली. कादंबरी निघून तोवर सहा वर्षे झाली होती.

'अमेरिकाना' वाचताना मला सारखी टोनी मॉरिसन ह्यांची पहिली कादंबरी आठवत होती, 'द ब्लूएस्ट आय' (१९७०). मॉरिसनबाईंना पुढे १९९३ साली नोबेल मिळाले, पण माझ्या मते ह्या लहानशा पुस्तकातच त्यांचे सारे सामर्थ्य आहे. स्थळ ओहायोतले लोरेन, म्हणजे लेखिकेचे स्वतःचे जन्मगाव, काळ १९४१. त्या साली झेंडू आला नाही, अशी गोष्टीची सुरुवात आहे. झेंडूवाचून दसरा-दिवाळी ज्यांना ठाऊक नाही त्या आपल्याला ह्यातले अशुभ चटकन कळावे. ह्या कादंबरीतली पिकोला नावाची पोर देवाकडे निळे डोळे मागते. शर्ली टेंपलचे चित्र असलेल्या कपातून ती दूध पीत राहते, भूक लागली म्हणून नव्हे, तो चेहरा पाहायला मिळावा म्हणून. आणि तिची आई पॉलीन! पोटुशी असताना ती जीन हार्लोसारखे केस वळवून सिनेमाला जाऊन बसते. खाऊ चावताना तिचा दात तुटून हातात येतो. त्या अंधारात तिने आपल्याला कुरूप म्हणून कायमचे मानून टाकले. पुढे पोर जन्मली तेव्हा तिच्याकडेही तिने त्याच डोळ्यांनी पाहिले. मायलेकींच्या मध्ये एक सिनेमाचा पडदा उभा राहिला तो राहिलाच.

ह्या कुटुंबाचे आडनाव ब्रीडलव्ह. केसांची औषधे विकून अमेरिकेत मोठी धनाढ्य झालेली मादाम सी. जे. वॉकर ही बाई १८६७ साली लुइझियानात जन्मली, तिचे माहेरचे नाव सेरा ब्रीडलव्ह. लोकांची धुणी धुऊन तिने दिवस काढले होते. केस सरळ करणारा तापता कंगवा तिनेच शोधला असे सर्रास सांगतात, ते खरे नाही. तिचे मूळ औषध टाळूच्या निगेचे व केस वाढवण्याचे होते. पण मॉरिसनबाईंनी हे आडनाव सहज निवडले असेल असे मला वाटत नाही. एक ब्रीडलव्ह केसांवर श्रीमंत झाली, दुसरीने चेहऱ्यापायी वेड घेतले.

माझ्या आजीची एक फणेरपेटी होती. झाकण उघडून उभे केले की आत आरसा आणि खालच्या कप्प्यात फणी. ह्या दोन कादंबऱ्यांचे नाते मला त्या पेटीसारखे वाटते. मॉरिसनबाईंची कादंबरी वरच्या आरशाची आहे. तिथे सौंदर्य ही पाहण्याची वस्तू आहे, आणि आरसा दुसऱ्याने धरलेला आहे. त्याच्यापुढे पोरीला करता येण्यासारखे काही नाही, फक्त मागता येते. अदिचीबाईंची कादंबरी खालच्या कप्प्यातली. तिथे सौंदर्य हे काम आहे. त्याला वेळ लागतो, हात लागतात, पैसे लागतात, ते चुकते आणि पुन्हा करून पाहता येते. त्रेचाळीस वर्षांत हा फरक पडला. पण कलाकृती म्हणून विचाराल तर मी मॉरिसनबाईंच्या बाजूला कौल देईन.

तो का, हे सांगण्याआधी पावडरीविषयी लिहिले पाहिजे. 'अमेरिकाना'त एक प्रसंग आहे. इफेमेलू आपल्या गोऱ्या प्रियकराला पुस्तकांच्या दुकानात नेते आणि बायकांची मासिके त्याच्यापुढे मांडते. सगळ्या स्त्रियांसाठी म्हणून दिलेल्या त्या प्रसाधनाच्या सूचनांत तिच्या रंगाची स्त्री कुठेच नाही. गालांवर लाली यावी म्हणून गालाला चिमटे घ्या, असला सल्ला तिने काय करायचा? प्रसंग विनोदी आहे, आणि मला तो वाचून हसू आले नाही.

मी स्वतः काळी. 'सावळी' हा शब्द आमच्या घरी पाहुण्यांपुरता ठेवलेला असे. माझी मुलगी माझ्याच रंगावर गेली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला राधेचे काम मिळाले तेव्हा रंगभूषा करणाऱ्याला 'जरा उजळ करा हो' असे सांगणारी मीच. त्याने केले. फोटोत तिचा चेहरा राख फासल्यासारखा दिसतो, आणि दह्याचा हंडा धरणारे दोन हात कोणा वेगळ्याच मुलीचे वाटतात. असे का होते ते मला फार उशिरा कळले. फिकट लेपात टिटॅनियम डायॉक्साइड नावाचे पांढरे द्रव्य पुष्कळ असते. गडद कातडीवर ते राखाडी दिसते. तिला हवे असतात आपल्या गेरूच्या कुळातले तांबडे, पिवळे आणि काळे लोहरंग, खालच्या त्वचेची छटा पाहून मिसळलेले. ओठांना फिक्या गुलाबीऐवजी विटकरी नाही तर जांभळट. ह्यात कठीण काही नाही. फक्त तशी त्वचा गिऱ्हाईक म्हणून कोणाच्या डोळ्यांपुढे असावी लागते. अमेरिकेत काळ्या स्त्रियांसाठी 'फॅशन फेअर' १९७३ साली निघाले, तेही 'एबनी' ह्या काळ्यांच्या मासिकाच्या मालकांनी काढले म्हणून. गायिका रिहानाने 'फेंटी'च्या चाळीस छटा एकदम बाजारात आणल्या त्या २०१७ साली. राधेचा फोटो तोवर आमच्या भिंतीवर जुना होऊन गेला होता. पॉलीनच्या सिनेमागृहातले ते पान मला पुरते वाचवले नाही, ते ह्या फोटोमुळे.

आता तो कौल. इफेमेलू वंशभेदावर टिपणे लिहिते आणि ती कादंबरीत मधून मधून छापलेली आहेत. ती चुरचुरीत आहेत, हुशार आहेत. पण त्यांत केस हा केस राहत नाही, मुद्दा होतो. वाचक मान डोलावतो आणि पुढे जातो. टाळूची आग वाचताना मान डोलावता येत नव्हती. केसांचा मुद्दा झाला की माणूस कसा पुसला जातो, ह्याचा अनुभव अँजेला डेव्हिस ह्यांना आला होता. सत्तरीच्या दशकात राजकीय कैदी म्हणून गाजलेल्या ह्या विदुषीने १९९४ साली एका निबंधात तक्रार केली की, लोकांना आपली केशरचनाच तेवढी आठवते. अदिचीबाईंना हा धोका ठाऊक नाही असे नाही. पण त्यांची नायिका फार बोलकी, आणि लेखिकेचा तिच्यावर फार जीव! मॉरिसनबाई पिकोलाच्या तोंडी एकही युक्तिवाद घालीत नाहीत. तिचे दूध पिणे पुरते.

तरी कादंबरीला सावरते ती आयशा. इफेमेलूचे तिच्याशी सुरुवातीपासून खटके उडतात. केस सरळ का करीत नाहीस, असे आयशाने विचारले की ही मनातल्या मनात तिला कमी लेखते. ही शिष्यवृत्तीची विदुषी. ती दुसऱ्याच्या दुकानात दिवसभर उभी राहून बोटे दुखवणारी. मग वेण्या संपत येतात आणि आयशा रडू लागते. रहिवासाचे कागद नाहीत म्हणून वडील वारले तेव्हा तिला घरी जाता आले नाही, आणि आता आई आजारी आहे. इथे लेखिका एकही टिपण लिहीत नाही. स्वतःच्या केसांचे स्वातंत्र्य नायिकेला ज्या हातांनी मिळाले ते हात मोकळे नाहीत, हे वाचकाने आपले आपण पाहायचे.

आणखी एक हात ह्या गोष्टीत आहे, तो कादंबरीत येत नाही. ट्रेंटनच्या त्या दुकानाची गोष्ट नाही मी करीत. पण लांब सरळ जोडकेस लावण्याचा जो मोठा व्यापार तिकडे चालतो, त्याला लागणारा केस पुष्कळसा आपल्या देशातून जातो. तिरुमलाला भाविक बायाबापड्या मुंडण करून केस देवाला वाहतात, देवस्थान त्यांचा लिलाव करते, आणि ते टोप व जोडकेस होऊन समुद्रापार पोचतात. क्रिस रॉक ह्या नटाच्या 'गुड हेअर' (२००९) ह्या बोलपटात हा प्रवास दाखवला आहे. नवसाला केस देऊन डोक्यावर पदर ओढून गावी परतणारी ती बाई, आणि तिचाच केस डोक्यावर घेऊन मुलाखतीला निघालेली दुसरी. ह्या दोघींना एकत्र आणणारी कादंबरी माझ्या वाचनात अजून आलेली नाही. ती लिहिण्याचे काम अदिचीबाईंचे नव्हे. ते आपल्याकडच्या कोणाचे तरी आहे.