पुनर्निर्मिती : रूप आणि नियम

जुन्या खेळाची पुनर्निर्मिती झाली म्हणजे तिचे मर्म प्रथम खेळणाऱ्यास कळते. ‘रेसिडेंट ईव्हिल २’ (१९९८) या व्हिडिओ गेमच्या २०१९ मधील नव्या रूपात स्थिर कॅमेरा जाऊन पात्राच्या खांद्यामागील दृष्टी आली. त्यामुळे भय वाढले की उणावले, यावर रसिकांत मतभेद आहेत. हीच कसोटी सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेस लावून पाहावी. तिची पाने १२०, रंग दहा. राजा-वजिराखाली पाच रंगांत दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या पाचांत एक्का. १९७० च्या दशकात शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला सावरली. चित्रे वाचली, परंतु या उलट्या क्रमावर हुज्जत घालणारा खेळाडू विरळा झाला. म्हणून रसिकांचा मताग्रह हे परंपरेच्या जिवंतपणाचे गमक मानणे युक्त ठरेल.