दात पडण्याची वाट पाहायची का?

जूनमध्ये पहिलीचा वर्ग हाती येणार असेल, तर शिक्षकाने मे महिन्यात काय करावे? आपल्याकडे उत्तर ठरलेले आहे. वार्षिक नियोजन लिहावे, तक्ते रंगवावेत, पुस्तके आली का याची चौकशी करावी. वॉल्डॉर्फ शाळांमध्ये या प्रश्नाचे उत्तर निराळे मिळते. ते तपासून पाहावे म्हणून मिरजोळ्यात आम्ही काही जण गेल्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत रूडॉल्फ स्टायनर यांची शिक्षकांसाठीची व्याख्याने वाचायला बसलो. आमच्यात प्राथमिक शिक्षक जास्त होते, संशोधनाच्या क्षेत्रातले थोडे. काय पटले आणि काय मुळीच पटले नाही, ते येथे मांडत आहोत.

हे वाचन मिरजोळ्यात करण्याला थोडा अर्थही आहे. पहिली वॉल्डॉर्फ शाळा निघाली ती जर्मनीतील श्टुटगार्ट येथे, वॉल्डॉर्फ-अस्टोरिया या सिगारेट कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी. कारखान्याचे प्रमुख एमिल मोल्ट यांनी स्टायनर यांना बोलावले. २१ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर १९१९ या काळात निवडक शिक्षकांची तयारी झाली आणि ७ सप्टेंबरला शाळेचे उद्घाटनही झाले. आमच्या गावातही औद्योगिक वसाहत आहे आणि कामगारांची मुले इथल्या शाळांत येतात. महाराष्ट्रात मात्र ही पद्धत आली ती मुंबईत २००० साली सुरू झालेल्या ‘त्रिधा’सारख्या खाजगी शाळांतून आणि खंडाळ्याला भरत आलेल्या शिबिरांतून. कामगारवस्तीत जन्मलेली कल्पना इथे येईपर्यंत फी भरू शकणाऱ्या घरांची झाली. तो दोष कल्पनेचा नव्हे, पण नोंदवून ठेवावा असा आहे.

आधी पटलेले सांगतो. सुरुवातीच्या इयत्तांत या शाळांमध्ये पाठ्यपुस्तक नसते. सकाळचा मुख्य पाठ साधारण दोन तासांचा, एकच विषय तीन-चार आठवडे, आणि शक्यतो तोच वर्गशिक्षक आठ वर्षे. म्हणजे शिक्षकाला आडोसा कसलाच नाही. गोष्ट वाचून दाखवायची नाही, सांगायची. त्यासाठी ती आदल्या रात्री स्वतःत मुरवावी लागते. आज सांगितलेली गोष्ट उद्या मुलांनी आपल्या शब्दांत परत सांगायची, आणि त्यानंतर तिचे चित्र, अक्षर किंवा वाक्य मुलांच्या वहीत उतरायचे. ही वही हेच मुलाचे पुस्तक.

मधली रात्र का सोडायची, याचे स्टायनर यांनी दिलेले स्पष्टीकरण झोपेत आत्मा देहापासून दूर जातो अशा धर्तीचे आहे. ते आम्ही बाजूला ठेवले. पण कृती योग्य आहे. ऐकलेले काही काळाने स्वतः आठवून सांगितले तर ते पुन्हा वाचण्यापेक्षा अधिक टिकते, आणि झोपेत स्मृती पक्की होते, हे आज प्रयोगांनी चांगले प्रस्थापित झाले आहे. उपचार बरोबर आणि निदान चूक, असे वैद्यकात पुष्कळदा घडले आहे. शिक्षणातही घडते.

पहिल्या दिवशी मुलांना काय शिकवायचे? एक सरळ रेघ आणि एक वक्र रेघ. एवढेच. हे वाचताना आमच्यातील एक बाई हसल्या. देवनागरी लिहिणाऱ्याला याहून सोयीची सुरुवात कोणती? काना सरळ, ट आणि ठ वक्र, ग आणि त मध्ये दोन्ही. जिच्या घरी अंगणात रांगोळी निघते ती मुलगी हे हाताने आधीच जाणते.

पुढची पायरी मात्र जशीच्या तशी उचलता येत नाही. चित्रातून अक्षर काढायचे, उदाहरणार्थ माशाच्या चित्रातून रोमन एफ, कारण माशाला जर्मनमध्ये ‘फिश’ म्हणतात. आपल्या अंकलिपीतही ‘क कमळाचा’ असतो, पण तिथे कमळ अक्षराच्या शेजारी असते, अक्षर कमळातून उगवत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. तरीही मराठी मुलाची खरी अडचण व्यंजनांत नसते. क चे नाव आणि क चा उच्चार एकच. मूल अडखळते ते ‘कि’ मध्ये, कारण वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. अडखळते ते ‘सूर्य’, ‘चंद्र’ आणि ‘राष्ट्र’ यांतल्या र च्या वेगवेगळ्या रूपांत. इथे श्टुटगार्टची व्याख्याने गप्प आहेत आणि ती तशी असणारच. ही तयारी मराठी शिक्षकालाच करावी लागेल.

संख्यांच्या बाबतीत उलट आहे. जर्मन माणूस एकवीसला ‘एक-आणि-वीस’ म्हणतो, म्हणजे आपल्यासारखेच एकक आधी, दशक नंतर. शिवाय आपल्याकडे एकोणतीस, एकोणचाळीस आहेत, ज्यांत ‘एक उणे’ लपलेले आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची जोड दिली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात संख्यानामांचा कान मुलाला कसा लावायचा, हा प्रश्न बाजूलाच पडला. टाळ्या, पावले आणि ठेका यांतून संख्या म्हणत जाण्याची वॉल्डॉर्फमधली पद्धत तिथे उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते.

आता न पटलेले. स्टायनर यांच्या मते दुधाचे दात पडणे ही शिकण्याची खूण. तोवर देह घडवण्यात गुंतलेली ‘इथर’ शक्ती त्यानंतर स्मरण आणि विचारासाठी मोकळी होते. अशा कोणत्याही शक्तीचा पुरावा नाही. दात सहा-सातच्या सुमारास पडतात आणि मुले वाचूही त्याच सुमारास लागतात, हे खरे. पण त्या वयात चपलेचे मापही वाढते. मोठ्या मापाची चपल घालणारी मुले सरासरीने चांगले वाचतात, म्हणून चपलेचे माप पाहून कोणी प्रवेश देत नाही. दोन्ही गोष्टी वयाबरोबर चालतात, इतकाच त्याचा अर्थ. मुलींचे दात मुलांपेक्षा काही महिने आधी बदलतात. कुपोषणाने ते लांबतात. मग अशक्त मूल वाचायला शिकण्यातही मागे ठेवायचे काय?

उशिरा वाचन सुरू करण्याच्या बाजूने एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. न्यूझीलंडमध्ये सबॅस्टियन सुगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचनाला लागलेल्या मुलांची तुलना केली. २०१३ साली त्यांनी लिहिले, की अकराव्या वर्षापर्यंत फरक उरत नाही. अभ्यास काळजीपूर्वक केलेला आहे. पण मुले थोडी होती, आणि कोणते मूल कोणत्या शाळेत जाईल हे चिठ्ठी टाकून ठरलेले नव्हते. त्या देशात साक्षरता सार्वत्रिक आहे. ज्याच्या घरात छापील कागद फक्त किराण्याच्या पुडीचा येतो, त्या मुलाला हा निष्कर्ष सरळ लागू करणे धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट चार स्वभावप्रकारांची. रक्त, पित्त, काळे पित्त आणि कफ या ग्रीक वैद्यकातील कल्पनेवरून मुलांचे गट पाडायचे आणि सारख्या स्वभावाची मुले एकत्र बसवायची. ‘हे तर आपल्या वात-पित्त-कफासारखेच’ असे आमच्यातल्या एका गुरुजींना वाटले आणि त्यांना ते एकदम आवडले. नेमकी इथेच सावध राहायला हवे. खिडकीशी गप्प बसलेल्या मुलाला ‘कफप्रकृती’ म्हटले की पुढचा प्रश्न विचारायचा राहतो. त्याला ऐकू येते का? फळा दिसतो का? सकाळी काही खाऊन आला आहे का? आठव्या वर्षीही अक्षर न ओळखणाऱ्या मुलीबद्दल ‘वेळ आली की येईल’ असे ऐकलेले पालक आम्हांला माहीत आहेत. मुलीला चष्म्याची गरज होती. दोन वर्षे गेली.

स्टायनर यांनी आपले तत्त्वज्ञान मुलांना शिकवू नका असे बजावले होते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. पण शिक्षकाची तयारी त्याच तत्त्वज्ञानावर उभी केली, तर मुलाकडे पाहणारी नजर त्यातूनच घडणार.

बाहेरून आलेली पद्धत कशी हाताळावी, याचा धडा आपल्याकडे आहे. ताराबाई मोडकांनी माँटेसोरी पद्धत घेतली, पण १९४५ पासून बोर्डीला तिची महागडी साधने दूर ठेवून शंख-शिंपले, बिया, माती वापरली. पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा कुरणात गेली. वॉल्डॉर्फबाबत असे कोणी अजून फारसे केलेले दिसत नाही. ग्रिमच्या कथांतले बर्फ आणि सूचिपर्णी जंगल सड्यावरच्या मुलांना सांगण्यात हशील काय?

आमच्यातल्या एका बाईंनी त्या जूनमध्ये पुस्तक मिटून चिऊ-काऊची गोष्ट सांगितली. मे महिन्यात ती त्यांनी आम्हांला चार वेळा सांगून दाखवली होती आणि दोनदा मध्येच अडल्या होत्या. बाहेर पाऊस कोसळत होता. दुसऱ्या दिवशी मुलांनी ती परत सांगायची होती. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या एका मुलाच्या गोष्टीत कावळ्याचे शेणाचे घर वाहून गेलेच नाही. कावळ्याने आधीच वर ताडपत्री घातली होती. बाईंनी फळ्यावर ताडपत्री काढली आणि त्या दिवशी वर्ग ‘त’ शिकला.