विशूचं ज्ञान आणि कदमकाकांची शिकवणी

मी तिकीट काढून सिनेमा बघणारा साधा प्रेक्षक. समीक्षकांना ‘फँड्री’त, ‘किल्ला’त जे दिसतं ते मलाही दिसतं. पण वयात येणाऱ्या पोरांचा सिनेमा पुन्हा बघावासा वाटला, तर हात आधी रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’कडेच जातो. 2013च्या जानेवारीत तो लागला तेव्हा नावाच्या ‘बीपी’ (म्हणजे ब्लू पिक्चर) या आद्याक्षरांवरूनच निम्मं थिएटर गालातल्या गालात हसत होतं.

गोष्ट चाळीतली, व्हीसीआर भाड्याने आणण्याच्या काळातली. ज्योतीताई एकाएकी चाळ सोडून जाते. का, ते मोठे सांगत नाहीत; तिने ‘शेण खाल्लं’ एवढंच मुलांच्या कानावर पडतं. अव्या, भाग्या, डॉली आणि चिऊ या चौघांचा शोध इथून सुरू होतो. पटकथेची हुशारी अशी की मुलांना कुतूहल आहे ते ज्योतीताईचं काय झालं याचं. चावटपणा नंतर येतो. आधी एक आवडतं माणूस गेलं आहे आणि कुणी धड उत्तर देत नाही. त्यामुळे पुढचा सगळा वाह्यातपणा आपण या मुलांना माफ करून टाकतो.

मग येतो विशू. प्रथमेश परबने हा विशू असा उभा केलाय की तो पडद्यावर आला की बाकीची चार पोरं आपोआप शिष्य होतात. त्याच्याकडे माहिती अर्धवट आणि आत्मविश्वास पुरेपूर. एखादा घाटावरचा गुरुजी मंत्र सांगेल तशा गांभीर्याने तो ‘ढिच्यॅक ढिच्यॅक’ म्हणतो. त्या बोलण्यात अश्लील काही उरतच नाही. उरतो तो ज्ञानदानाचा थाट. मूळची ही एकांकिका. त्या रंगमंचीय टायमिंगचा फायदा विशूच्या प्रत्येक प्रवेशाला झालेला आहे.

ब्लू फिल्मची कॅसेट लावायचा प्रसंग मला सगळ्यात आवडतो. दिग्दर्शकाने कॅमेरा ठेवलाय मुलांच्या चेहऱ्यांवर. डोळे विस्फारतात, कुणाला हसू फुटतं, कुणी नजर चोरतं. आपण हसतो ते त्या तोंडांना, आणि हसता हसता आपल्यालाही थोडं ओशाळं वाटतं. त्यानंतर गंमत हळूच जड होते. कालपर्यंत जी मुलगी नुसती खेळगडी होती, तिच्याकडे बघण्याची नजर बदलते. कुणीही न सांगता ते आपल्याला कळतं, कारण मुलांचा एकमेकांशी वागण्यातला मोकळेपणाच गेलेला असतो. एवढ्या थट्टामस्करीत हे साधणं सोपं नाही.

इथे सिनेमा थांबला असता तर! पण कदमकाका येतात. हे काका झालेल्या किशोर कदम यांच्या आवाजाला नाव ठेवायची माझी टाप नाही. ते बोलू लागले की ऐकावंसं वाटतंच. तरी शेवटाकडे सिनेमा शिकवणी घेऊ लागतो. पालकांनी मुलांशी बोलावं, हे पहिल्या तासाभराच्या हशाने आधीच पटवलेलं असतं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर ते भाषण होतं. काकांपेक्षा विशूने मला जास्त शिकवलं, आणि तेही स्वतःला काही नीट माहीत नसताना.

याउलट ‘शाळा’ सिनेमातला नरूमामा आठवून बघा. आणीबाणीच्या काळातल्या मुकुंद जोशीला तो उपदेशाचे डोस पाजत नाही. भाच्याच्या बरोबरीने टवाळकी करतो आणि त्यातच जे द्यायचं ते देऊन जातो. ‘किल्ला’त तर समजावून सांगणारं कुणीच नाही. वडील गेलेले, आईची बदली कोकणात झालेली. त्या अबोल चिन्मयला गावात रुळवतो तो पार्थ भालेरावचा तोंडाळ बंड्या. दिग्दर्शक अविनाश अरुण यांनी त्या पोराच्या बडबडीला पुरेशी जागा दिली, म्हणूनच मित्र चिन्मयला भर पावसात किल्ल्यावर एकटं टाकून निघून जातात तेव्हा ते इतकं लागतं. आधी हसवलं नसतं तर तो पाऊस नुसताच देखणा झाला असता.

‘बालक-पालक’च्या पुढच्याच वर्षी रवी जाधवांनी परबला ‘टाइमपास’चा दगडू केलं आणि पब्लिकने त्याला डोक्यावर घेतलं. दगडू मलाही आवडला. पण आपल्याला टाळ्या घ्यायच्या आहेत हे दगडूला ठाऊक असतं. विशू मात्र आपण विनोदी आहोत हे एकदाही मनावर घेत नाही, आणि माझं मत अजून त्याच्याच पारड्यात आहे.