मुक्या माशांची मोजदाद

रेचेल कार्सन या अमेरिकन लेखिकेचा ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ १९६२ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून त्याला स्तुति पुष्कळ लाभली आणि निंदाही कमी लाभली नाहीं. दोन्ही पक्षांचें लक्ष मात्र ग्रंथाच्या नांवांतील कल्पनेवर खिळून राहिलें. कीटकनाशक औषधांनीं पक्षी मरावे, वसंत ऋतु यावा आणि रानांत एकही सूर ऐकूं येऊं नये, ही कल्पना मनाला झोंबणारी आहे यांत संशय नाहीं. परंतु तिच्यांतील एक अडचण फारशी कोणी लक्षांत घेतलेली दिसत नाहीं. पक्षी मुके झाले म्हणजे कळतें. मासे पहिल्यापासूनच मुके. नदींतील जीव विषानें नाहींसे झाले तरी तिचा खळखळाट थांबत नाहीं आणि पाणी पूर्वींइतकेंच नितळ दिसतें. ज्याला आवाज नाहीं, ज्याच्या डोळ्याला पापणी नाहीं, ज्याच्या मुखावर वेदना उमटलेली आपणांस ओळखतां येत नाहीं, अशा प्राण्याच्या मरणाविषयीं वाचकाच्या मनांत करुणा कशी उत्पन्न करावी? लेखनकलेच्या दृष्टीनें हा कठीण प्रश्न आहे. तो कार्सनबाईंनीं कसा सोडविला, एवढ्यापुरताच या ग्रंथाचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

बाईंना मासे परके नव्हते. १९३२ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची प्राणिशास्त्रांतील पदवी त्यांनीं मिळविली ती माशाच्या गर्भावस्थेंतील मूत्रपिंडावर प्रबंध लिहून. आणि पुढें अमेरिकन सरकारच्या मत्स्यखात्यांत त्यांनीं १९३६ पासून १९५२ पर्यंत नोकरी केली. ‘अंडर द सी-विंड’ हें त्यांचें पहिलें पुस्तक १९४१ चें. त्यांत आपल्या बांगड्याच्या कुळांतील एका मॅकरेल माशाला ‘स्कॉम्बर’ आणि एका ईल माशाच्या मादीला ‘अँग्विला’ अशीं नांवें देऊन बाईंनीं त्यांना कथेचीं पात्रें केलें आहे. नांवें शास्त्राचींच, पण वापर विशेषनामाचा. ही पद्धति गोड आहे, आणि पंचतंत्रावर वाढलेल्या आपणां लोकांना ती चटकन् आवडते. २१ वर्षांनीं निघालेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्यें मात्र एकाही माशाला नांव नाहीं. तेथें मासे केवळ मोजलेले आहेत. वरवर पाहणारास हा कलेचा ऱ्हास वाटेल. आम्हांस ती कलेची परिपक्वता वाटते. असें वाटण्याचें कारण ग्रंथाच्या नवव्या प्रकरणांत आहे.

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतांत मिरामिची नांवाची नदी आहे. तिच्या वायव्य शाखेंत अटलांटिक महासागरांतून सॅमन मासे अंडीं घालण्यासाठीं चढून येतात. (आपल्या रावसाला इंग्रजींत ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण रावसाचा या माशाशीं कांहीं संबंध नाहीं. कोंकणांत पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतून चढणारे वलगणीचे मासे ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना या चढणीची थोडी कल्पना येईल.) शरद ऋतूंत अंडीं नदीच्या तळच्या वाळुगोट्यांत पुरलीं जातात, हिंवाळा थंडगार पाण्याखालीं सरतो, वसंतांत पिलें बाहेर पडतात, पोटाला चिकटलेल्या बलकाच्या शिदोरीवर कांहीं दिवस काढतात, आणि ती सरली म्हणजे पाण्यांतील बारीक किडे टिपूं लागतात. नदींत कांहीं वर्षें वाढून मग तीं समुद्राची वाट धरतात. हा सारा क्रम बाई कसलीही घाई न करितां सांगतात. शब्द साधे, वाक्यें संथ, विशेषणें मोजकीं. वाचकाला त्या नदीचें पंचांगच पाठ होतें म्हणाना! आणि मग १९५४ च्या जून महिन्यांत विमानें येतात.

विमानें माशांवर आलेलीं नव्हतीं. त्या प्रांतांतील बाल्सम फर वृक्षांचे कोंब एक अळी खाऊन टाकीत होती. तिच्या नाशासाठीं दर एकरीं अर्धा पौंड डी.डी.टी. तेलांत मिसळून अरण्यावर शिंपडण्यांत आली. अरण्यांतून नदी वाहते, एवढाच माशांचा अपराध. दोन दिवसांत कांठावर मेलेले व तडफडणारे मासे दिसूं लागले. त्यांचा आहारही त्यांच्याबरोबर गेला. दगडांना बिलगून राहणारे किडे, वाळूच्या कणांचें घरकुल अंगाभोंवतीं बांधून जगणाऱ्या अळ्या, सर्व नाहींसें झालें. ऑगस्टमध्यें मोजणी झाली. त्या वसंतांत जन्मलेल्या पिलांपैकीं एकही उरलें नव्हतें. १९५३ सालच्या पिलांपैकीं सहांत एक उरलें होतें. १९५२ सालचीं पिलें समुद्राकडे निघण्याच्या बेतांत होतीं. त्यांच्यांतील एक तृतीयांश गेलीं.

या तीन आंकड्यांचा क्रम पाहावा. तान्हीं सर्व गेलीं, त्यांहून मोठीं बहुतेक गेलीं, जाणत्यांतील कांहीं गेलीं. कोणत्याही कुटुंबावर सांथीचा घाला पडावा तसा हा हिशेब आहे. पण ‘कुटुंब’ हा शब्द लेखिकेनें उच्चारलेला नाहीं, अश्रूंचें नांव काढलेलें नाहीं. पंचांग आधींच पाठ झालेलें असल्यामुळें कोणत्या वर्षाचें पान फाडलें गेलें हें वाचकालाच समजतें, आणि शोक करण्याचें काम त्याचें तो करतो. आमच्या इकडील निबंधकार करुणेच्या जागीं पोंचण्यापूर्वींच उद्गारचिन्हांची रांग उभी करितात. त्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें.

बाईंच्या प्रामाणिकपणाचाही येथें उल्लेख केला पाहिजे. त्याच वर्षींच्या शरदांत एडना नांवाचें वादळ किनाऱ्यावरून सरकलें, मुसळधार पाऊस झाला, नद्यांच्या गोड्या पाण्याचा लोंढा समुद्रांत शिरला आणि त्याच्या ओढीनें सॅमन मासे विपुल संख्येनें वर चढले. पुढील सालच्या पिलांना नदी जवळ जवळ मोकळीच मिळाली आणि तीं झपाट्यानें वाढलीं. केवळ प्रचारकाला ही हकीकत गैरसोयीची वाटून त्यानें ती गाळली असती. बाईंनीं ती सविस्तर दिली आहे.

आमची तक्रार आहे ती निराळीच. हे आंकडे उपलब्ध झाले कसे? कॅनडाचें मत्स्यसंशोधन मंडळ १९५० पासूनच त्या शाखेंत माशांची शिरगणती करीत होतें. शिंपण मागाहून आलें, मोजणी आधींची होती, म्हणून हानि सिद्ध करतां आली. ज्या ओढ्यांच्या कांठीं कोणी वही घेऊन बसलें नव्हतें, तेथें काय झालें याचा पुरावाच उरला नाहीं. मेलेला मासा सडतो, वाहून जातो, पक्षी खातात. महिन्याभरानें तेथें कधीं मासे होते हेंही कोणास सांगतां येत नाहीं. बाई या योगायोगाचा उल्लेख करितात, पण लगेच पुढें जातात. त्या थोड्या थांबत्या तर प्रकरणाला आणखी खोली आली असती असें आम्हांस वाटतें.

आतां ग्रंथाचें पहिलें प्रकरण घ्या. एका काल्पनिक गांवावर अवकळा पसरते, कोंबड्या-मेंढरें मरतात, पक्षी दिसेनासे होतात, ओढ्यांत मासे उरत नाहींत. आणि शेवटीं लेखिकाच सांगते कीं असें गांव कोठें नाहीं, मात्र यांतील प्रत्येक आपत्ति कोठें ना कोठें घडलेली आहे. ग्रंथांतील सर्वांत प्रसिद्ध भाग हाच, आणि आमच्या मतें सर्वांत दुबळाही हाच. अनेक गांवांचीं दुःखें गोळा करून एका गांवाच्या माथीं मारलीं म्हणजे तें गांव खोटें ठरतें. विरोधकांनीं नेमका येथेंच हात घातला. मॉन्सँटो या रासायनिक कंपनीच्या मासिकानें १९६२ च्या ऑक्टोबरांत या प्रकरणाचें विडंबन छापलें आणि कीटकनाशकें नसतील तर देश किड्यांनीं कसा फस्त होईल याचें तितकेंच भडक चित्र रंगविलें. रूपकाला रूपकानें उत्तर देतां येतें. मिरामिचीच्या तीन आंकड्यांचें विडंबन मात्र कोणाच्यानें झालें नाहीं.

चौथ्या प्रकरणांतील कॅलिफोर्नियामधील क्लिअर सरोवराची कथा निराळ्या घाटाची आहे. तेथें चिलटें फार. तीं चावत नसत, फक्त मासेमारीची हौस असलेल्यांना व हवापालटासाठीं आलेल्यांना त्रास देत. १९४९ सालीं सरोवरांत डी.डी.टी.चें सौम्य भावंड समजलें जाणारें डी.डी.डी. घालण्यांत आलें, प्रमाण, पाण्याच्या सात कोटि भागांस औषधाचा एक भाग. पुन्हां १९५४ व १९५७ सालीं तेंच केलें. आपल्याकडे गेळाचीं फळें ठेचून डोहांत टाकण्याची व वर आलेले मासे वेंचण्याची रीत आहे; त्यामुळें पाण्यांतील विष म्हणजे लगेच दिसणारें मरण, अशी आपली समजूत असते. क्लिअर सरोवराच्या पाण्यांत मात्र थोड्याच काळानें औषधाचा अंशही सांपडेना. तें गेलें कोठें? पाण्यांतून तें सूक्ष्म जीवांत शिरलें. तेथें दहा लाख भागांत सुमारें पांच भाग. ते जीव खाणाऱ्या माशांत ४० पासून ३०० पर्यंत. त्या माशांना खाणाऱ्या एका माशांत २५००. मासे खाऊन राहणारे ग्रीब पक्षी, म्हणजे आपल्या टिबुकलीचे मोठे भाऊबंद, मरूं लागले तेव्हां त्यांच्या चरबींत १६०० भाग आढळले. जीं विषें पाण्यांत विरघळत नाहींत पण चरबींत विरघळतात, तीं शरीर टाकून देऊं शकत नाहीं. प्रत्येक घांस मागील शिलकेंत भर घालतो. हजार जोडप्यांच्या वसाहतींत १९६० च्या सुमारास तीसेक जोडपीं राहिलीं. पांच, तीनशें, अडीच हजार, ही पायऱ्यांची चढण बाईंनीं अशी रचली आहे कीं रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या वाचकाचीही छाती दडपते.

ग्रंथांत दुसऱ्या पक्षाला पुरेशी जागा मिळालेली नाहीं, हा आक्षेप अंशतः खरा आहे. लगद्यासाठीं जंगल वाचविणाऱ्यांचा हेतु बाई एक-दोन वाक्यांत उरकतात. हिंवतापानें उजाड झालेलीं गांवें ज्या देशानें पाहिलीं, तेथील वाचकाला डी.डी.टी.चें दुसरें रूपही आठवल्याशिवाय राहणार नाहीं. परंतु हीं औषधें कधींच वापरूं नयेत असें त्यांनीं म्हटलेलें नाहीं. त्यांचा राग आहे तो न विचारतां, न मोजतां शिंपडण्यावर.

खरी उणीव काळानें उघड केली. बाईंची सारी कला कांठावरील प्रेतापासून सुरू होते. त्या १९६४ च्या एप्रिलांत वारल्या. त्याच वर्षीं न्यूयॉर्क संस्थानांतील लेक जॉर्ज येथील ट्राउट माशांचें संशोधन प्रसिद्ध झालें. तेथें मोठे मासे धडधाकट होते. मादीच्या चरबींतील डी.डी.टी. अंड्यांत उतरे, आणि बलकाची शिदोरी संपून पिलें खाण्याच्या वयास येत त्याच वेळीं तीं मरत. पुढें त्याच न्यू ब्रन्सविकमध्यें १९७५ पासून १९८५ पर्यंत दुसरें एक कीटकनाशक शिंपण्यांत आलें. त्यांतील ‘नॉनिलफिनॉल’ नामक द्रावक स्त्री-संप्रेरकाची नक्कल करणारा निघाला, आणि जेथें त्याचें शिंपण झालें तेथील सॅमन समुद्रांतून कमी संख्येनें परतले, असा संबंध १९९९ सालच्या एका निबंधांत दाखविण्यांत आला. मरण झालें असेल तर तें नदीपासून दूर, समुद्रांत.

याहून सूक्ष्म प्रयोग कॅनडाच्याच ऑन्टेरिओ प्रांतांतील एका लहान सरोवरांत झाला. संततिप्रतिबंधक गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे त्यांत घालण्यांत आलें, एका लिटरांत पांच-सहा नॅनोग्रॅम इतकेंच. शहरांच्या मैलापाण्यांतून नद्यांत उतरणारें हेंच द्रव्य. कांठावर प्रेतांचा खच पडला नाहीं. नरांच्या शरीरांत अंड्याच्या बलकाचीं द्रव्यें तयार होऊं लागलीं, वृषणांची वाढ बिघडली, नवीं पिलें होईनात, आणि तेथील लहान मिनो मासे जवळ जवळ संपले. २००७ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. औषध बंद केल्यावर कांहीं वर्षांनीं मासे पुन्हां वाढले. या कथेंत विमान नाहीं, तडफड नाहीं, शत्रु म्हणून बोट दाखवावें असा कोणी नाहीं. आहे ती केवळ वर्षानुवर्षांची शिरगणती. ती तशीच कोरडी ठेवून वाचकाच्या काळजाला पोंचविणारा लेखक अद्याप आमच्या वाचनांत आलेला नाहीं. त्या सरोवराला नांवही नाहीं. शास्त्रज्ञांच्या वहींत त्याचा क्रमांक २६० असा आहे.