दळवी, जयवंत द्वारकानाथ
(१४ ऑगस्ट १९२५ – १६ सप्टेंबर १९९४). मराठी कादंबरीकार, नाटककार, कथालेखक व विनोदकार. जन्म गोव्यातील हडफडे येथे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवली हे त्यांचे गाव. तेथील माणसे, वेतोबाचे देवस्थान, भावकीतील तंटे आणि जुन्या घरांतील कोंडलेली दुःखे ही त्यांच्या लेखनाची पहिली सामग्री होय. मुंबईत ‘प्रभात’ व ‘लोकसत्ता’ ह्या दैनिकांत काम केल्यानंतर ते अमेरिकन माहिती खात्याच्या मुंबई कार्यालयात अनेक वर्षे होते. ‘गहिवर’ (१९५६) हा त्यांचा कथासंग्रह आणि ‘लोक आणि लौकिक’ (१९५८) हे अमेरिकेतील वास्तव्यावरील पुस्तक, ही त्यांची प्रारंभीची पुस्तके.

‘चक्र’ (१९६३) ह्या कादंबरीने त्यांचे नाव झाले. मुंबईतील झोपडपट्टीचे जीवन मराठी कादंबरीत तोवर इतक्या उघडपणे आले नव्हते. भूक, कामवासना आणि उद्याची शाश्वती नसणे ह्यांच्या फेऱ्यात सापडलेली ही माणसे दळवींनी कणव न भाकता रेखाटली. तिच्यावर रवींद्र धर्मराज ह्यांनी त्याच नावाचा हिंदी चित्रपट काढला (१९८१). ‘चक्र’नंतर लगेचच आलेले ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) मात्र प्रसन्न विनोदाचे पुस्तक आहे. कोकणी खेड्यातील विक्षिप्त माणसांच्या ह्या कथनात हसू ओसरल्यावर मृत्यूची जाणीव उरते, आणि तेवढ्यापुरते हे पुस्तक ‘चक्र’च्या वाटते त्याहून जवळ येते. ‘महानंदा’ (१९७०) ही भाविणीच्या कुळातील मुलीची कथा, शं. ना. नवरे ह्यांनी तिचे ‘गुंतता हृदय हे’ हे नाट्यरूप केले. ‘ललित’ मासिकातून ‘ठणठणपाळ’ ह्या टोपणनावाने त्यांनी चालविलेले सदर साहित्यव्यवहारातील ढोंगाची टवाळी करणारे होते. वसंत सरवटे ह्यांनी काढलेली ठणठणपाळाची हातोडाधारी आकृती वाचकांच्या मनात त्या सदराशी कायमची जोडली गेली.

दळवी नाटकाकडे वळले ते उशिरा, वयाच्या पंचेचाळिशीनंतर. कादंबरीकार म्हणून त्यांचा एक दोष होता. वेड, लैंगिक कुचंबणा, अपमृत्यू अशा दारुण गोष्टींची ते एकावर एक रास घालीत, आणि त्या भाराखाली वाचकाची संवेदनाच बोथट होई. रंगभूमीने ह्या वृत्तीला आवर घातला. एक घर, मोजकी माणसे आणि दोन-अडीच तासांचा अवधी एवढ्यात त्यांना बसावे लागले. कादंबरीत जे सविस्तर सांगितले जाई ते नाटकात न बोलता सोसले जाऊ लागले. स्वतःच्या ‘अंधाराच्या पारंब्या’ ह्या कादंबरीवरून त्यांनी लिहिलेले ‘बॅरिस्टर’ (१९७७) ह्याची साक्ष देते. विलायतेहून शिकून आलेला, सुधारणेचा पुरस्कर्ता पण घराण्यातील वेडाच्या भयाने ग्रासलेला बॅरिस्टर, तरुण विधवा राधा आणि केशवपन सोसलेली मावशी ह्या तिघांत नाटकाचा सर्व ताण आहे. निर्णयाच्या क्षणी मागे सरणारा सुधारक हे मराठी समाजाच्या एका सबंध कालखंडाचे व्यक्तिरूप म्हणता येईल. दिग्दर्शिका विजया मेहता ह्यांनी ह्याच नाटकावरून पुढे ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला.

त्यापूर्वीचे ‘संध्याछाया’ हे त्यांचे सर्वांत परिचित नाटक. नाना व नानी ह्या वृद्ध दांपत्याचा एक मुलगा अमेरिकेत स्थायिक होतो, दुसरा सैन्यदलात जातो व मरण पावतो. नाटकात घटना फार थोड्या. घरी आलेल्या परक्या माणसाला थोडा वेळ अधिक थांबवून घेण्याची म्हाताऱ्यांची धडपड हेच त्याचे खरे कथानक. येथे कोणीही दुष्ट नाही. परदेशी गेलेला मुलगाही गुन्हेगार ठरत नाही, आणि म्हणूनच शेवट टाळता न येणारा वाटतो. मतिमंद मुलाच्या आईवडिलांची ओढाताण दाखविणाऱ्या ‘नातीगोती’तही हेच घडते. त्या मुलाचा भार आणि त्याच्यावरील माया ही एकाच मनात वसतात आणि दोन्हीही खरी असतात. ‘सूर्यास्त’मध्ये गांधीवादी आप्पाजी व सत्तेवर असलेला त्यांचा पुत्र हा संघर्ष पिढ्यांचा आहे तसाच राजकीयही, निळू फुले ह्यांनी आप्पाजींची भूमिका गाजविली.

खलनायक समोर उभा राहिला की मात्र दळवींची पकड सुटते. ‘पुरुष’मध्ये अंबिका ह्या शिक्षिकेवर पुढारी गुलाबराव अत्याचार करतो व अखेर ती स्वतःच्या हातांनी सूड घेते. प्रयोगात हे नाटक विलक्षण परिणामकारक ठरले; रीमा लागू व नाना पाटेकर ह्यांच्या भूमिकांचा त्यात मोठा वाटा होता. तथापि गुलाबराव हा पहिल्या प्रवेशातच पुरता कळतो. त्याच्यात पुढे शोधण्यासारखे काही उरत नाही. त्यामानाने अंबिकेच्या भोवतालच्या सज्जनांची हतबलता अधिक अस्वस्थ करते, पण सूडाच्या प्रसंगापुढे ती झाकोळून जाते.

विजय तेंडुलकरांची हिंसा किंवा महेश एलकुंचवारांचे अंतर्मुख चिंतन दळवींत नाही. त्यांचे संवाद मध्यमवर्गीय घरातल्या रोजच्या बोलण्याचे, अर्धवट सोडलेले आणि विषयांतराचे आहेत. व्यावसायिक रंगभूमीच्या प्रेक्षकाला ते आपलेच वाटले. त्यामुळे भाबडेपणाचा आरोपही त्यांच्यावर करता येईल, आणि काही नाटकांपुरता तो खराही आहे. ‘संध्याछाया’तील नानांच्या बोलण्यात मात्र ठणठणपाळाची तिरकस नजर अधूनमधून डोकावते व रडू आवरून धरते.